पंख्याचा काय दोष?

गेमिंग कॉम्प्युटरच्या आवाजाची तक्रार गेम खेळणारा सहसा करत नाही. त्याच्या कानांवर हेडफोन असतात. मला फोन येतो तो त्याच्या आईचा, बायकोचा, नाहीतर रूमवर शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्राचा. खेळणाऱ्याचं दुखणं वेगळं असतं. गेम अडकतो, एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, पडतात, ऐन मॅचमध्ये मशीन आपोआप बंद होतं. नागपुरात वीसेक वर्षं मी कॉम्प्युटर असेंबल करण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतोय. या दोन तक्रारी करणारी माणसं बहुतेक वेळा एकाच घरात राहतात, एकमेकांशी भांडतात, आणि तक्रार खरं तर एकच असते. डब्यात उष्णता कोंडली आहे आणि पंखा ती बाहेर काढायला जिवाच्या आकांतानं फिरतोय. आईला पंखा ऐकू येतो, मुलाला त्या उष्णतेचा फटका बसतो आणि दोघांनाही वाटतं की पंखा खराब झालाय.

"एक चांगला पंखा बसवून द्या ना भाऊ, बिनआवाजाचा." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी मान डोलावतो आणि आधी कॅबिनेट उघडतो. पंखे विकणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे, पण नुसता नवा पंखा बसवून प्रश्न सुटला अशी घरं थोडी. पंखा थंडावा तयार करत नाही, तो फक्त इथली उष्णता तिथे ढकलतो. खोलीत ४० अंश असतील तर जगातला कुठलाही पंखा आतली चिप ४० च्या खाली आणणार नाही. खोली जितके अंश चढते, जवळपास तितकेच अंश आतलं तापमान चढतं. थंड मुलखातल्या पंचविशीच्या खोलीत बसून कुणी एखाद्या हीटसिंकचं कौतुक केलं असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर, त्याच्या तापमानाच्या आकड्यात सरळ पंधरा मिळवायचे. प्रोसेसर पंचाण्णव-शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मशीन स्लो झालं, फॉरमॅट मारून द्या." फॉरमॅट मारून खोलीचं तापमान उतरत नाही.

आमचा हंगामही यावरूनच ठरतो. मार्चपासून पाऊस येईपर्यंत तापलेली, बंद पडणारी मशीनं येतात. नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात कडक दिवसांत, तर दिवसाला दोन-तीन ठरलेली. आवाजाच्या तक्रारी मात्र दिवाळीनंतर सुरू होतात. सुरुवातीला मला हे उलटं वाटायचं, कारण पंखे उन्हाळ्यात जास्त ओरडत असणार आणि थंडीत शांत. असतातही. पण उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत कूलर असतो, वर सिलिंग फॅन असतो, आणि त्या घर्राट्यात कॉम्प्युटरच काय, दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही. नोव्हेंबरात कूलर टाकीसकट गच्चीवर जातो, पंखा बंद होतो, खिडक्या लागतात, आणि मग आईच्या कानावर रात्री एक वाजता पोराच्या खोलीतली घूंऽऽ येते. वर्षभर चालू असलेला आवाज तिला पहिल्यांदा सापडतो.

कारणं पाहायला गेलं तर सगळ्यात वरचा नंबर फर्निचरचा. आपल्या घरांत कॉम्प्युटर टेबल करून घेताना सुतार कॅबिनेटसाठी एक कप्पा करतो. तिन्ही बाजू प्लायवूड, मागे भिंत, केबलसाठी एक गोल भोक, आणि पुढे हौसेनं बसवलेलं दार, धूळ जाऊ नये म्हणून. एका सरकारी अधिकाऱ्याच्या घरी असंच होतं. मुलानं गेमिंगसाठी बऱ्यापैकी महागडं मशीन घेतलेलं, कॅबिनेटला सहा पंखे, सगळे इंद्रधनुष्यी. दार उघडून आत हात घातला तर भजी तळताना कढईवर लागते तशी झळ. मशीन जी हवा मागून फेकत होतं, तीच भिंतीवर आपटून पुढून परत आत ओढत होतं. सहा पंखे तीच गरम हवा गोल फिरवत होते. मी कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पोराला तोच गेम लावायला सांगितला. पाव तासात प्रोसेसर बराच उतरला आणि पंखे आपोआप मंदावले. वडिलांनी विचारलं, "म्हणजे काय केलं तुम्ही?" म्हटलं, बाहेर काढलं. "आणि त्याचे पैसे?" आलो-गेलो त्याचे तरी द्या, म्हटलं. त्यांनी दिले, पण चेहऱ्यावरून कळत होतं की सातवा पंखा बसवला असता तर जास्त समाधानानं दिले असते.

यामागचा हिशेब सोपा आहे आणि तो मी आता गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवतो. समजा गेम चालू असताना मशीन ४०० वॅट खातंय. वीज आत गेली की शेवटी तिची उष्णताच होते, दुसरीकडे कुठे जात नाही. डब्यातून मिनिटाला १०० घनफूट हवा खेळत असेल, तर ती बाहेर पडेपर्यंत साधारण ७ अंशांनी तापते. पुढची जाळी धुळीनं बुजली किंवा दार लावलं आणि तीच हवा ३० घनफुटांवर आली, तर २३ अंशांनी. वरून खोलीचे चाळीस. म्हणजे ग्राफिक कार्डाला श्वास घ्यायलाच त्रेसष्ट अंशांची हवा मिळते. तिथे कितीही भारी हीटसिंक लावा.

कॅबिनेट निवडताना लोक काय बघतात हे दुकानात उभं राहिल्यावर कळतं. काच बघतात, दिवे बघतात. मधली काही वर्षं तर अशी गेली की पुढच्या बाजूला अख्खी काच असलेली कॅबिनेट धडाक्यानं विकली गेली. तीन पंखे काचेच्या मागे झगमगतात आणि हवा यायला बाजूला बोटभर फट. अशा मशीनची परीक्षा मी एकाच पद्धतीनं घेतो. गेम लावायचा, तापमान स्थिरावू द्यायचं, मग पुढचं पॅनल ओढून काढायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. तापमान सात-आठ अंशांनी पडलं तर दोष पंख्याचा नाही, पॅनलचा आहे हे मालकालाच दिसतं. काही जण मग पॅनल कायमचं काढून ठेवतात. दिसायला बोडकं दिसतं, पण रात्री झोप लागते. आता जाळीच्या पुढच्या भागाची कॅबिनेट बाजारात भरपूर आहेत आणि ती काचेपेक्षा महाग असतात असंही नाही.

धुळीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा पंखा चार स्क्रू काढून उचलला की त्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा करडा थर असतो. चिमटीत धरून उचलला तर अख्खा निघतो, पंख्याच्या गोल आकारासकट. पंख्याचं पातं धूळ अडवत नाही, ते पुढच्या पात्यांवर तिला चेपून बसवतं, म्हणून बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो आणि मालक म्हणतो, मी महिन्याला पुसतो हो. त्या थरात काय काय असतं हे घरावर अवलंबून. गादीतला कापूस, केस, जवळ बांधकाम असेल तर सिमेंट, देवघर शेजारी असेल तर उदबत्तीची काजळी. स्वयंपाकघराला लागून खोली असली की या सगळ्याला फोडणीच्या तेलाचा हात लागतो आणि मग ब्लोअरनं काही हलत नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. कधी पाल मिळते. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, उबेला येऊन बसलेली, वाळलेली. घरच्यांना दाखवायची की नाही हे त्यांचा चेहरा बघून ठरवतो.

साफ करताना एक गोष्ट मी दुकानातल्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं किंवा पेन्सिलनं धरून ठेव. नाहीतर हवेच्या झोतानं तो त्याच्या वेगमर्यादेच्या किती तरी वर फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरता फिरता तो स्वतः वीज तयार करून बोर्डाकडे पाठवतो. पोरांना ती सूंऽऽ ऐकायला मजा येते. त्यानंतर पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट तीन-चार उन्हाळ्यांनंतर पुष्कळदा खडूसारखी सुकलेली सापडते. पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावून फायदा नाही, तिचं काम सूक्ष्म खाचा भरण्यापुरतंच आहे. एका घरी नवीन मशीन पहिल्या दिवसापासून शंभर अंशांवर जात होतं. पोरानं स्वतः जोडलेलं, व्हिडिओ बघून, अगदी नीट. हीटसिंकच्या तळाला चिकटवलेलं प्लास्टिकचं संरक्षक पान तसंच होतं. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी त्याला म्हटलं, तू पहिला नाहीस. आणि ते खरंच होतं. त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या. तीन लागतात, चौथी लागल्यासारखी वाटते.

आवाज शोधणं ही मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट. कॅबिनेटची बाजू उघडायची आणि एकेक पंखा बोटानं थांबवायचा. पातं धरायचं नाही, मधल्या गोल बुंध्यावर बोट टेकवायचं, हलकेच. ज्याला थांबवल्यावर आवाज जातो तो सापडला. नंतर कान आवाजावरूनच ओळखायला लागतात. घरघर किंवा टकटक म्हणजे बेअरिंग, बहुधा स्वस्तातलं स्लीव्ह बेअरिंग, आणि पंखा आडवा बसवलेला असेल तर आणखी लवकर. ते तेल टाकून आठवडाभर गप्प बसतं, पुन्हा सुरू होतं. तिथे मात्र पंखा बदलायलाच हवा. नुसता सूंऽऽ असा वारा वाहिल्यासारखा आवाज म्हणजे पंखा चांगला आहे, त्याला जास्त पळावं लागतंय. पंखा जाळीला अगदी चिकटून बसवला असेल तर त्या वाऱ्यात एक शिटी मिसळते. खोल घूंऽऽ येत असेल तर हात कॅबिनेटवर आणि मग टेबलावर ठेवून बघायचा. पुष्कळदा आवाज पंख्याचा नसतोच, जुन्या हार्ड डिस्कची किंवा पंख्याची थरथर टेबलाच्या पोकळ फळीत घुमत असते. कॅबिनेटखाली जुना माऊसपॅड किंवा रबराचा तुकडा सरकवला की संपतं. यासाठी मी कधी पैसे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते असं दुकानाच्या भाड्याच्या तारखेला वाटतं.

एक आवाज असा आहे की त्याला पंख्याशी देणंघेणं नाही. बारीक चीं, किडा ओरडावा तशी, आणि माऊस हलवला किंवा स्क्रीन बदलला की तिचा सूर बदलतो. ग्राफिक कार्डावरच्या विजेच्या कॉइली थरथरतात तो हा आवाज. सगळे पंखे थांबवले तरी येत राहतो. लोक कार्ड परत करायला निघतात, दुकानदार घेत नाही, कारण हा बिघाडात मोडत नाही. याला मी सुचवतो तो उपाय म्हणजे एफपीएसला लगाम घालणं, आणि याच विचारातून पुढे माझ्या कामाची पद्धत बदलली. त्याकडे येतोच, आधी थोडं मागे जाऊ.

मी या धंद्यात आलो तेव्हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचा आणि पंखे ८० मिलिमीटरचे असायचे. इवलासा पंखा, मिनिटाला तीन हजारांच्या वर फेरे. तेव्हा आवाजाला कुणी दोष देत नसे, कॉम्प्युटर म्हटला की आवाज आलाच. २००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं, ते इतकं ओरडायचं की कंपनीनंच स्वतःची थट्टा करणारी फिल्म काढली, त्यात ते कार्ड पाचोळा उडवायच्या यंत्राला लावलेलं. २००४ मध्ये पेंटियम ४ चा प्रेस्कॉट आला, ११५ वॅटपर्यंत खाणारा, आणि तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता याच्या पुढे काय जाणार. २०२३ मध्ये आलेला कोअर आय-नाइन १४९००के जोर लावला की २५३ वॅट ओढतो, आणि २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० या एकट्या कार्डाचा आकडा ५७५ वॅट आहे. पंखे मोठे झाले, १२० आणि १४० चे झाले, चार पिनांचे झाले, बोर्डाच्या सांगण्याप्रमाणे वेग बदलायला लागले. नाहीतर घरात बसवलंच नसतं.

मोठा पंखा सावकाश फिरवावा यामागचं गणित मला फार पटतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो आणि तो फिरवायला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. उलट, त्याच वेगाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलनं चढतो. म्हणजे एका पंख्यानं धावत आणलेली हवा दोन पंख्यांनी चालत आणली तर बारा डेसिबल वाचतात, आणि दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मी पंखे वाढवायला सांगतो तेव्हा गिऱ्हाईक चक्रावतं. "आवाज कमी करायला आलो, तुम्ही दोन पंखे जास्त लावून राहिले?" हौ भाऊ, पण पळू देणार नाही त्यांना.

पळू न देण्याचं काम बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, होतं, आणि ते फुकट आहे. प्रोसेसरचं तापमान सेकंदात वर-खाली होतं. ब्राउझर उघडला, पंधरा अंश वर. मिटला, खाली. कंपनीतून आलेल्या सेटिंगमध्ये पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो आणि घरात सतत व्हूंऽऽ, थांब, व्हूंऽऽ, थांब. दोन खोल्यांच्या एका घरात आजोबा आणि नातू एकाच खोलीत झोपायचे. नातू रात्री गेम खेळायचा, तेही हळूहळू, घाबरत. आजोबा मला म्हणाले, "चालू असू दे ना बाप्पा, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण एकसारखं चालू दे. मधात मधात काऊन थांबते ते?" त्यांच्या डोक्यावर सिलिंग फॅन पाचवर चालू होता, कॉम्प्युटरपेक्षा मोठा आवाज करत. त्याचा त्यांना काही त्रास नव्हता. मी पंख्याचा वेग ६५ अंशांपर्यंत एकाच पातळीवर सपाट ठेवला आणि वाढण्याआधी काही सेकंद थांबायला लावलं. पंख्याची बेरीज-वजाबाकी केली तर आवाज पूर्वीपेक्षा कदाचित थोडा जास्तच असेल. आजोबांचा पुन्हा फोन आला नाही. तेव्हापासून मी डेसिबल मोजायचं अॅप फोनमध्ये ठेवतो खरा, पण विचारतो एवढंच, की त्रास आवाज बदलतो तेव्हा होतो, का तो नुसता असतो तेव्हाही.

पण हे सगळं तयार झालेल्या उष्णतेशी झुंजणं झालं. उष्णताच कमी तयार करायची हे मी बऱ्याच उशिरा गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, लॉकडाऊननंतर. त्या काळात ग्राफिक कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग एका रात्रीत बिनकामाचं झालं, आणि रात्रंदिवस राबलेली जुनी कार्डं स्वस्तात बाजारात आली. आमच्याकडच्या पोरांनी ती उचलली. एकानं आरटीएक्स ३०८० आणलं, ३२० वॅटचं. मेमरीवरचे पॅड पिचून गेलेले, पंखे शंभर टक्क्यांवर, आणि त्याची खोली वरच्या मजल्यावर, दहा बाय दहाची. पॅड बदलले, पेस्ट बदलली, तरी मे महिन्यात तिथे बसवेना. तेव्हा पहिल्यांदा मी आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये त्या कार्डाची वीज ८० टक्क्यांवर बांधली. ६४ वॅट कमी. गेममध्ये फरक काय पडला हे त्याला विचारलं तर म्हणाला, आकडा बघितला तर कळतंय, खेळताना नाही.

असं होतं कारण कंपन्या कार्ड विकताना शेवटच्या चार-पाच टक्के वेगासाठी भरमसाट वीज ओततात. लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वॅट बरेच उतरतात. दुसरा लगाम एफपीएसचा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, आणि गेमचा मेनू, जिथे नुसता एक फोटो आणि चार बटणं आहेत, तो सेकंदाला हजार-हजार फ्रेम काढतोय. त्या फ्रेम कुणाला दिसत नाहीत, कार्ड मात्र पूर्ण तापतं आणि कॉइली चीं करतात. १४४ ला बांधलं की तो किडा बहुतेक वेळा गप्प. या दोन गोष्टींना खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि मी जे पंखे, कूलर, कॅबिनेट विकतो त्या सगळ्यांपेक्षा फरक जास्त. धंद्याच्या दृष्टीनं हे सांगणं शहाणपणाचं नाही हे मला घरी ऐकवलं जातं.

लिक्विड कूलिंगचं खूळ मी कुणाच्या डोक्यात भरवत नाही, मागितलं तर बसवून देतो. दिसतं सुंदर. पण रेडिएटरवर शेवटी पंखेच असतात, शिवाय पंपाची स्वतःची कुरकुर, आणि पंप सगळ्यात उंचावर येईल असं बसवलं तर आतली हवा त्यात अडकून गुळगुळ करते. मुख्य म्हणजे पाण्यानं उचललेली उष्णताही त्याच खोलीत ओतली जाते. खोलीचं कुणी बोलत नाही. गेम चालू असताना ५०० वॅटचं मशीन म्हणजे खोलीत ५०० वॅटचा हीटरच. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, त्यातला सातवा हिस्सा कॉम्प्युटरच्या वाट्याला. चार तास खेळलं की मशीनचीच दोन युनिटं, वर ती उष्णता उपसायला एसीची वेगळी. हे वडिलांना सांगितलं की पोरगा माझ्याकडे रागानं बघतो.

एसी नसलेल्या घरांत कूलर असतो, आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी कॅबिनेटची बाजू उघडून कूलरचं तोंड तिकडे करतो. तापमान उतरतं, खोटं कशाला बोलू, चांगलं दहा अंश उतरतं. पण ताट्यांतून उडणारे बारीक थेंब आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार घेऊन बोर्डावर बसतात, आणि ओलसर हवेत धूळ चिखलासारखी चिकटते. दोन उन्हाळे असं केलेला एक बोर्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे, पिनांवर पांढरी बुरशी आल्यासारखा. कूलर खोलीला लावा, खोली गार झाली की मशीन आपोआप होतं. आणि एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कूलर खोली दमट करून स्वतःच निकामी होतो. हे तर आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

त्या ३०८० वाल्या पोराचं मशीन सगळा उन्हाळा बिनतक्रार चाललं. त्यानं आणखी चार मित्र पाठवले, सगळ्यांची कार्डं बांधून दिली. मग डिसेंबरात, रात्रीचं तापमान दहाच्या आसपास आलेलं असताना, त्याचा फोन आला. आवाज अजिबात नाही, मस्त चाललंय, आईपण खूश आहे, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "दादा, ते ऐंशी केलं होतं ना तुम्ही, ते परत शंभर कसं करायचं? खोलीत लई थंडी वाजून राहिली."